बहिष्कार करत नाही, असं लिहून द्या

एक्स्पोर्टच्या कागदपत्रांत जगाचं राजकारण शिरलेलं असतं, हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मूळ देशाचा दाखला एवढं आलं की नोकरी निभते, अशी माझी समजूत होती. त्या भरवशावर मी नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका लहान कापड युनिटमध्ये डॉक्युमेंटेशनला लागले. बेडशीट, उशांचे अभ्रे, दवाखान्यात लागणाऱ्या चादरी आणि गाऊन असा आमचा माल. ऑफिसात मालक, मॅनेजर, निवृत्तीला टेकलेले अकाउंटचे काका आणि मी.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठ येतं. बाहेरगावच्या माणसाला आधी सांगावं लागतं की हे नांदगाव खंडेश्वर नव्हे आणि नाशिककडचं नांदगावही नव्हे. कुरिअरवाल्यांना तर दरवेळी. गावाजवळ १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, पलीकडे एमआयडीसीचा टेक्स्टाइल पार्क आहे. रेमंडसारखी मोठी नावं इथं आली, आणि आता पीएम मित्र पार्कही येतोय. त्याची पायाभरणी पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून केली. वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडातच कापड होऊन बाहेर जावा, हे स्वप्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कापड बाहेर जायला लागलं की सोबत काय काय लिहून द्यावं लागतं, ते मात्र त्या स्वप्नात कुणी सांगितलं नव्हतं.

एकाच मोसमात माझ्या टेबलावर तीन कागद आले. एक आखातातल्या ऑर्डरचा, एक अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा आणि एक आपल्याच सरकारच्या टेंडरचा. तिन्हींचा सूर एकच होता. तुम्ही कुणाशी व्यवहार करता आणि कुणाशी करत नाही, ते आधी लिहून द्या. मालाचं नंतर पाहू.

आखातातल्या ऑर्डरची एलसी, म्हणजे बँकेचं पतपत्र, मॅनेजर साहेबांनी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “कागदांची यादी काढ.” मी एकेक अट वहीत उतरवत गेले. इनव्हॉइसच्या तीन प्रती, पॅकिंग लिस्ट, विमा. मग एक ओळ आली. माल इस्रायलचा नाही, त्यात इस्रायलचा कोणताही कच्चा माल नाही आणि माल नेणारं जहाज इस्रायलच्या बंदराला लागणार नाही, असा दाखला द्यावा. मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या चादरीत इस्रायल कुठून आलं? सूत विदर्भातलं, विणाई इथली, शिलाई इथली. लिहून द्यायला हरकत ती काय? मी दाखल्याचा मसुदा टाइप करायला घेतला.

काकांनी पडद्यावर नजर टाकली. “थांब वो पोरी. आपला माल कुठचा?”

“भारतातला.”

“मंग तेवढंच लिव. कुठचा नाई, ते कायले लिवतं?”

मला वाटलं, काका उगाच शब्दांचा कीस काढतात. काकांनी मग समोरचं कपाट उघडून दुसरी फाइल काढली, आमच्या अमेरिकी गिऱ्हाइकाची. त्यांच्या पुरवठादार नियमावलीत स्पष्ट अट होती की पुरवठादार कोणत्याही परकीय बहिष्काराला साथ देणारा दाखला, करार किंवा माहिती देणार नाही. म्हणजे एका गिऱ्हाइकाला इस्रायलवरच्या बहिष्काराचा पुरावा हवा होता आणि दुसऱ्याला असा पुरावा तुम्ही कुणालाच देत नाही याची हमी. चादरी त्याच, शिलाई मशीन तीच, शिक्काही तोच.

रात्री घरी बसून वाचत गेले तेव्हा उलगडलं की हे भांडण आपल्या स्वातंत्र्याहूनही जुनं आहे. अरब लीगनं डिसेंबर १९४५ मध्ये, इस्रायल देश जन्माला येण्याआधीच, तिथल्या ज्यूंच्या मालावर बहिष्कार जाहीर केला होता. पुढे १९५१ मध्ये दमास्कसला त्याचं मध्यवर्ती कार्यालय उभं राहिलं. इस्रायलशी व्यवहार करणाऱ्या कंपन्याही काळ्या यादीत जाऊ लागल्या. १९७३ नंतर तेलाचा पैसा आखातात साचला तशी त्या यादीची धार वाढली. तेव्हा अमेरिकेनं १९७७ मध्ये कायदा केला की अमेरिकी कंपन्यांनी परक्या देशाच्या अशा बहिष्कारात सामील व्हायचं नाही आणि तशी मागणी आली तर सरकारला कळवायचं. ते पाहायला वाणिज्य खात्यात वेगळं कार्यालय आहे. अमेरिकेचं अर्थखातं बहिष्काराला सहकार्य मागणाऱ्या देशांची यादीही काढतं. संयुक्त अरब अमिरातीनं २०२० मध्ये आपला बहिष्काराचा कायदा रद्द केला आणि २०२१ मध्ये तो देश त्या यादीतून उतरला. कुवेत, कतार, सौदी, इराक, लेबनॉन ही नावं मात्र टिकून राहिली.

काकांचा सल्ला याच कायद्याच्या अंगाने जाणारा होता, हे कळल्यावर मी गार पडले. ‘माल अमुक देशाचा नाही’ असा नकारात्मक दाखला अमेरिकी कायद्याला चालत नाही, ‘माल भारताचा आहे’ हा होकारार्थी दाखला चालतो. जहाजाचंही तसंच. जहाज त्या बंदरात शिरायला पात्र आहे, असा दाखला जहाजाच्या मालकानं किंवा कप्तानानं द्यावा, माल पाठवणाऱ्यानं इस्रायलचं नाव घेऊन काही लिहू नये. आम्ही भारतीय कंपनी, अमेरिकेचा कायदा आम्हाला थेट लागू नाही. पण अमेरिकी गिऱ्हाइकाच्या कराराखाली आमची सही आहे, आणि ती सही आम्हाला बांधते. मॅनेजर साहेबांनी आखातातल्या गिऱ्हाइकाला एलसीत दुरुस्ती करायला लावली. त्यालाही काही विशेष वाटलं नाही. त्याच्या बँकेच्या नमुन्यात ती ओळ वर्षानुवर्षं छापून येत होती, इतकंच. दुरुस्तीची फी तेवढी आमच्या माथी बसली.

एक कोडं सुटलं म्हणून मी खूश होते, तेवढ्यात अमेरिकी गिऱ्हाइकाचा नवा फॉर्म आला. हे गिऱ्हाईक दवाखान्यांना आणि वसतिगृहांना चादरी पुरवतं. टेक्ससमधल्या एका सरकारी संस्थेचं काम त्यांना मिळण्यात होतं, म्हणून त्यांनी आपल्या सगळ्या पुरवठादारांकडून एक जादा स्वयंघोषणापत्र मागवलं. मजकूर दोन ओळींचा: आमची कंपनी इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही आणि कराराच्या मुदतीत टाकणार नाही. खाली नाव, हुद्दा, सही, तारीख.

आधीची अट मला कशीबशी समजली होती. परदेशी सरकारच्या दबावाला आपल्या कंपन्यांनी बळी पडू नये, हे कोणतंही सरकार म्हणेल. ही अट वेगळी होती. इथं परदेशी सरकार कुठेच नव्हतं. माझ्या मनानं मी एखादी वस्तू विकत घेत नाही, यावर टेक्सस सरकारला माझं वचन हवं होतं. आणि वचन आजपुरतं नाही, करार संपेपर्यंतचं.

या कायद्याची कथा वाचताना मी चक्रावून गेले. इस्रायलच्या पॅलेस्टिनी धोरणाविरुद्ध २००५ मध्ये पॅलेस्टिनी संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. अमेरिकेतली विद्यापीठं, चर्चेस, कलावंत यांच्यात ती पसरली. त्याला उत्तर म्हणून २०१५ पासून एकेका राज्यानं कायदे करायला सुरुवात केली, साउथ कॅरोलायना आणि इलिनॉय पहिल्यांत. आज ३० हून अधिक राज्यांत असा कायदा किंवा गव्हर्नरचा आदेश आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तुरुंग नाही, दंड नाही. फक्त सरकारी काम मिळणार नाही. सरकारच्या हातात पैशाची थैली असते आणि थैलीचं तोंड आवळायला पोलीस लागत नाहीत.

टेक्ससचा कायदा २०१७ चा. त्याच वर्षी हार्वे वादळ आलं आणि डिकिन्सन नावाचं छोटं शहर पाण्यात गेलं. घर दुरुस्तीच्या मदतीसाठी नगरपालिकेनं जो अर्ज छापला, त्यातही ही अट होती: मदत हवी तर इस्रायलवर बहिष्कार टाकत नाही असं लिहून द्या. घराच्या भिंतीला छातीएवढं पाणी लागलंय आणि माणूस अर्जात इस्रायलची खूण करतोय! बरीच ओरड झाल्यावर व्यक्तींपुरती ती अट काढून टाकली.

दुसरी गोष्ट ऑस्टिनजवळच्या फ्लुगरव्हिल गावची. तिथल्या सरकारी शाळांत एक बाई लहान मुलांच्या बोलण्यातले दोष दुरुस्त करायचं काम कंत्राटावर करत होत्या, नऊ वर्षं. कुटुंब पॅलेस्टिनी मुळाचं, त्या अमेरिकी नागरिक. अरबी बोलणाऱ्या मुलांना त्यांचा फार उपयोग. पुढच्या वर्षाच्या कंत्राटात ही ओळ आली, त्यांनी सही नाकारली आणि काम गेलं. त्या कोर्टात गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं कायद्याला तात्पुरती स्थगिती दिली. लगेच पुढच्या महिन्यात टेक्ससनं कायदा बदलला: दहापेक्षा कमी कामगारांच्या कंपन्या, एकट्यानं काम करणारे लोक आणि एक लाख डॉलरच्या आतली कंत्राटं यांना सूट. बाईंपुरता प्रश्न मिटला आणि कायदा जागेवर राहिला. कॅन्ससमध्येही एका गणिताच्या शिक्षिकेनं असाच तात्पुरत्या स्थगितीचा आदेश मिळवला. तिथंही राज्यानं कायदा असाच आखडता घेतला.

मला सर्वांत जवळची वाटली ती आर्कान्सॉ टाइम्स या वृत्तपत्राची हकिकत. राज्याच्या २०१७ च्या कायद्यात अट अशी होती की एक हजार डॉलर किंवा त्याहून मोठ्या सरकारी कंत्राटासाठी बहिष्कार न करण्याचा दाखला द्या, नाहीतर दर किमान २० टक्क्यांनी उतरवा. या वृत्तपत्राला एका सरकारी कॉलेजच्या जाहिराती मिळायच्या. त्यांनी इस्रायलवर कधी बहिष्कार टाकला नव्हता आणि टाकायचा विचारही नव्हता. सही केली असती तर काहीच बिघडलं नसतं. तरी त्यांनी सही केली नाही. आमच्या राजकीय भूमिकेचं प्रमाणपत्र सरकारला देणार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानं तो उलटवला. काय विकत घ्यावं आणि काय नाही, हा व्यवहार आहे, ती अभिव्यक्ती नव्हे, म्हणून सरकार तशी अट घालू शकतं, असं पीठाचं म्हणणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

गंमत म्हणजे याच सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये वेगळं सांगितलं होतं. मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सन गावात काळ्या नागरिकांनी १९६६ पासून गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला होता. व्यापाऱ्यांनी नुकसानभरपाई मागितली. हिंसेशिवाय केलेला असा राजकीय बहिष्कार घटनेनं दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, असं न्यायालयानं ठरवलं. मग गोऱ्या दुकानदाराकडून साबण न घेणं ही अभिव्यक्ती आणि इस्रायली कंपनीचं काही न घेणं हा नुसता व्यवहार, हे कसं? मी वकील नाही, पण मला हा फरक काही केल्या पटेना.

एकदा ही वाट पडली की तिच्यावरून इतरही गाड्या जातात. टेक्ससनं २०२१ मध्ये याच नमुन्यावर दोन कायदे आणखी केले. तेल-वायू कंपन्यांवर बहिष्कार टाकणाऱ्या आणि बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांना सरकारी कंत्राटं नाहीत. आज इस्रायल, मग तेल, मग बंदुका. उद्या चादरीत सुती धागा किती आणि पॉलिएस्टर किती, यावरही कुणी निष्ठेची शपथ मागेल.

कापसाचं नाव काढलं म्हणून सांगते, आमच्या धंद्यात याची सर्वांत कडक गाठ कापसालाच बसली आहे. चीनच्या शिनच्यांग भागात उइगर मुस्लिमांकडून सक्तीनं काम करून घेतलं जातं, म्हणून अमेरिकेनं डिसेंबर २०२१ मध्ये कायदा केला आणि जून २०२२ पासून तिथला माल अडवायला सुरुवात केली. त्यामुळे आमच्या अमेरिकी गिऱ्हाइकाला प्रत्येक गाठीचा माग हवा असतो: कापूस कुठला, जिनिंग कुठं, सूतगिरणी कोणती. वऱ्हाडात बसून हे सांगणं आम्हाला अवघड नाही, बाजार समितीची पावती जोडली की झालं. पण तिकडे चीननं उलटा दट्ट्या लावला. कॅल्व्हिन क्लाइन आणि टॉमी हिलफायगर या ब्रँडांची मालक असलेली पीव्हीएच कंपनी शिनच्यांगचा कापूस टाळते, म्हणून तिची चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं तिला ‘अविश्वासू’ कंपन्यांच्या यादीत घातलं. घेतला तर अमेरिकेचा मार, नाही घेतला तर चीनचा. मोठ्यांच्या या भांडणात आमचं युनिट म्हणजे दोन बैलांच्या झुंजीत सापडलेलं वासरू.

तिसरा कागद घरचा होता म्हणून मी निर्धास्त होते. सरकारी दवाखान्याला चादरी पुरवायचं टेंडर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आलं होतं. आपलं सरकार, आपली भाषा, आपली माणसं. जोडपत्रं डाउनलोड केली आणि त्यातही एक हमीपत्र निघालं. भारताला जमिनीची सरहद्द लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराविषयीचं कलम मी वाचलं आहे, आम्ही तशा देशातले नाही, आणि असलो तर सक्षम प्राधिकरणाकडे आमची नोंदणी झालेली आहे. दाखला खोटा निघाला तर कंत्राट तत्काळ रद्द आणि पुढे कायदेशीर कारवाई.

मी उठून शिलाई विभागात गेले. मशीनींवर चिनी कंपनीची पाटी. काज करायची मशीन चिनी, सुयांचा खोका चिनी. जागेवर परत आले आणि काकांना विचारलं, “काका, आपल्या मशीनी तर चीनच्या आहेत. आपण हे कसं लिहून द्यायचं?”

“मशीन टेंडर भरते का तू भरतं?” काका म्हणाले. “कागद नीट वाच. सरकारले बोली लावणारा कोण, ते पाह्यजे.”

काकांचं खरं होतं. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत आपले २० जवान शहीद झाले. २३ जुलैला केंद्राच्या व्यय विभागानं सरकारी खरेदीच्या नियमांत, म्हणजे सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नियम १४४ मध्ये, ही तरतूद घातली. आदेशात चीनचं नाव नाही, ‘जमिनीची सरहद्द लागून असलेला देश’ एवढंच आहे. ज्या शेजाऱ्यांना भारत कर्ज किंवा विकासाची मदत देतो त्यांना सूट आहे, त्यामुळे रोख कुणाकडे आहे हे सांगावं लागत नाही. अशा देशातल्या बोलीदारानं उद्योग खात्याच्या समितीकडे नोंदणी करायची, परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची मंजुरी घ्यायची, मगच बोली लावायची. नाव भारतीय पण कंपनीत २५ टक्क्यांपेक्षा जास्त मालकी तिकडची, तरी हा नियम लागू. घटनेच्या कलम २५७ चा आधार घेऊन केंद्रानं राज्यांनाही तो लावायला सांगितला. खासगी खरेदीला मात्र तो लागू नाही. शिलाई मशीन कुठलीही घ्या, सरकारला तुमची मालकी कुणाची ते हवं आहे.

महाराष्ट्रात याची आठवण अजून ताजी आहे. जून २०२० मध्येच राज्य सरकारनं मॅग्नेटिक महाराष्ट्र या गुंतवणूक उपक्रमातले चिनी कंपन्यांचे तीन करार थांबवले. तळेगावला येऊ घातलेली ग्रेट वॉल मोटर्स, हेंगली आणि फोटॉन-पीएमआयचा संयुक्त प्रकल्प, मिळून ५,०२० कोटींची गुंतवणूक. तळेगावातल्या पोरांच्या नोकऱ्याही त्यात होत्या. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली, तर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी स्वतःहून तुर्की सफरचंद बंद केलं. आणि १५ मे रोजी केंद्रानं सेलेबी या तुर्की कंपनीची विमानतळावरच्या कामाची सुरक्षा मंजुरी काढून घेतली. ती कंपनी मुंबई विमानतळावरही काम करत होती. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलैमध्ये सरकारचा निर्णय कायम ठेवला.

इथं मला पहिल्यांदा तीन प्रकारांतला फरक दिसला. पुण्याच्या व्यापाऱ्यानं सफरचंद नाकारलं, तो नागरिकाचा बहिष्कार. सरकारनं चिनी बोलीदाराला दारात थांबवलं, तो सरकारचा बहिष्कार. आणि टेक्ससनं नागरिकाला म्हटलं की तू बहिष्कार टाकलास तर तुला काम नाही, ती बहिष्काराला बंदी. पहिले दोन आपल्याकडे रोजचे आहेत. भारत सरकारनं तर १९४६ मध्येच वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, इतर देशांच्या किती तरी आधी. तिसरा प्रकार आज आपल्याकडे नाही. पण एके काळी होता, आणि तो गोऱ्या सरकारनं आणला होता.

काँग्रेसचं अधिवेशन १८९७ मध्ये आमच्या अमरावतीला भरलं होतं. लोकमान्यांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे इथलेच. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी आणि बहिष्काराची जी लाट उठली, ती वऱ्हाडातही आली. १९०६ च्या कलकत्त्याच्या अधिवेशनानं स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर बहिष्काराचाही ठराव केला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत बाबू गेनू परदेशी कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेला. आणि ४ जानेवारी १९३२ ला, गांधीजींना पकडलं त्याच दिवशी, सरकारनं जे वटहुकूम काढले त्यात एक छळ आणि बहिष्काराला प्रतिबंध करणारा होता. परदेशी कापडाच्या दुकानापुढे शांतपणे उभं राहणं आणि ‘घेऊ नका’ म्हणणं, हाही गुन्हा ठरला. परदेशी कापड नाकारणाऱ्यांच्या गावी मी आज कापड विकायला बसले आहे, आणि माझ्याकडून कागद मागितला जातो की मी काही नाकारत नाही.

प्रत्येक बहिष्कार पवित्र असतो, असं माझं म्हणणं मुळीच नाही. जातपंचायतीनं एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, पाणी बंद केलं, लग्नात बोलावणं बंद केलं, तर तिथं कायदा हवाच. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, तो देशात पहिला आणि योग्यच होता. तिथं बलवान गट एकट्या माणसाला चिरडतो. पण एका माणसानं किंवा एका दुकानानं आपल्या पैशानं काय घ्यायचं नाही ते ठरवणं, ही गोष्ट निराळी. पहिल्यात दुसऱ्याचं जगणं अडतं, दुसऱ्यात आपलाच हात आखडतो.

आमच्या फॉर्मवर मालकांनी सही केली. “आपण कुठं बहिष्कार करतो? मग लिहून द्यायला काय जातं?” असं ते म्हणाले, आणि चाळीस शिलाई कामगारांच्या पगाराचा विचार केला तर त्यांना दोष देता येत नाही. एकट्या शिक्षिकेला सही नाकारता येते, वृत्तपत्राला कोर्टात जाता येतं. नांदगाव पेठच्या युनिटला ऑर्डर सोडता येत नाही. असे कायदे चालतात ते याच बळावर. ते कुणाला पटवून देण्याची गरजच पडत नाही.

तीन कागद भरून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. सरकार जनतेच्या पैशानं खरेदी करतं, म्हणून त्यानं माल कुठला, कंपनी कुणाची, मजुरी सक्तीची आहे का, मागे कुणाला फसवलं आहे का, हे सगळं खोदून खोदून विचारावं. सरहद्दीच्या हमीपत्रात हेच विचारलं आहे, आणि त्यामुळे कुणाच्या नोकऱ्या गेल्या तर त्यावर निवडणुकीत जाब विचारता येतो. पण मालाशी संबंध नसलेलं, माझ्या मनाचं आणि माझ्या खिशाचं वचन सरकारनं मागू नये. उद्या आपल्याकडे कुणी तसा कायदा आणायचं म्हटलं, मग तो कोणत्याही देशाच्या किंवा उद्योगाच्या बाजूनं असो, तर वऱ्हाडातल्या माणसानं आधी १९३२ चा वटहुकूम काढून वाचावा.

आणि माझ्यासारख्या नवख्या पोरापोरींना एक सांगणं. जोडपत्रं ही शेवटी शिक्का मारायची पानं नव्हेत, ती सगळ्यात आधी वाचायची पानं आहेत. प्रत्येक घोषणापत्रातल्या ओळी दोन रंगांत रंगवा: एका रंगात जे आज खरं आहे आणि कागदानं सिद्ध करता येतं, दुसऱ्या रंगात जे पुढं करणार किंवा करणार नाही असं वचन आहे. पहिल्या रंगावर तुम्ही कागद जोडा. दुसऱ्या रंगावर सही मालकाचीच घ्या, आणि त्याला ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. एका गिऱ्हाइकाला दिलेला दाखला दुसऱ्याच्या अटीला छेद देतो का, ते पाहिल्याशिवाय कुरिअर सोडू नका. कुरिअरवर पत्ता नांदगाव पेठचाच लिहा, बाकी जगाचं भांडण पाकिटात आधीच असतं.